फवारणी करणाऱ्याचे संरक्षण व आपले कर्तव्य

(मंडळाच्या नागपूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली. मुलांचा अभ्यास, शिस्त, सुसंस्कार असा एखादा विषय मी घेईन अशीच त्यांची अपेक्षा असणार. अडतीस वर्षे खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतून मास्तरकी केलेल्या आणि मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करावी? परंतु मी आज विषय घेतला आहे तो पिकावरील फवारणीचा, आणि ती करणाऱ्या माणसाच्या संरक्षणाचा. मी कृषिपदवीधर नाही, डॉक्टरही नाही. तरीही हा विषय मी का घेतला, हे व्याख्यानाच्या ओघात आपल्या ध्यानी येईल.

आपल्या समाजाची आजची स्थिती पाहा. आपली बहुतेक कुटुंबे आता नागपुरात स्थायिक झाली आहेत. कोणी महालात, कोणी सक्करदऱ्यात, कोणी मानेवाड्याकडे घर बांधले. मुले नोकरीत आहेत, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. परंतु सातबाऱ्यावर आपले नाव अद्याप आहे. कोणाचे वावर काटोलला, कोणाचे हिंगणघाटला, कोणाचे राळेगावला. आपण पेरणीच्या वेळी एकदा जातो, वेचणीच्या वेळी एकदा जातो, आणि मधल्या काळात दूरध्वनीवरून शेती करतो. डवरणी, निंदण व फवारणी ही कामे सालदार करतो, किंवा रोजंदारीचा मजूर करतो. अर्थात विष विकत घेण्याचा पैसा आपला आणि ते अंगावर घेणारी काया दुसऱ्याची, अशी ही वाटणी झालेली आहे. आजच्या व्याख्यानाचे मूळ ह्या वाटणीत आहे.

प्रथम एका शब्दाविषयी बोलतो, कारण शब्द शिकविणे हाच माझा जन्माचा व्यवसाय. आपल्याकडे कीटकनाशकाला कोणीही विष म्हणत नाही. शेतकरी त्याला ‘औषध’ म्हणतो, मजूर ‘दवाई’ म्हणतो. पिकाला रोग झाला, त्याला औषध मारले, पीक बरे झाले, अशी ही भाषा आहे. पिकाच्या दृष्टीने ती चुकीची नसेल. परंतु माणसाच्या दृष्टीने ती घातक आहे. औषध म्हटले की मनातील भीती जाते. औषध हाताला लागले तर काय बिघडले, असे वाटू लागते. ज्या डब्यावर त्रिकोण छापलेला असतो, त्यातील पदार्थ माणसाला किती विषारी आहे ते त्या त्रिकोणाचा रंग सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी तो हिरवा. लाल त्रिकोणावर कवटी व हाडांचे चित्रही असते. निरक्षराला सुद्धा कळावे म्हणून ही योजना केली आहे. परंतु ज्याने त्या वस्तूला मनात एकदा औषध मानले, त्याला ती कवटीही दिसेनाशी होते.

आता २०१७ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात जे घडले, ते आपणांपैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका आली. मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, तसेच प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रीन यांचे मिश्रण अशा पाच प्रकारच्या कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घालण्यात आली.

हे त्याच वर्षी का घडले? पऱ्हाटी त्या साली माणसाच्या छातीपर्यंत, कोठे कोठे डोक्यापर्यंत वाढली होती. हवा दमट व कोंदट होती. बीटी कपाशीला बोंडअळी लागणार नाही हा २००२ पासूनचा भरवसा गुलाबी बोंडअळीने खोटा ठरविला होता. घाबरलेल्या शेतकऱ्याने दोन दोन, तीन तीन विषे एका टाकीत कालवली व पुन्हा पुन्हा फवारली. कमरेइतक्या पिकावर फवारले तर तुषार खाली पडतात. डोक्याइतक्या पिकात नळी वर धरावी लागते, आणि तेच तुषार फवारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर व छातीवर येतात. ओल्या पानांतून पुढे चालताना सारे कपडे भिजतात. त्यातून बॅटरीच्या पंपाने फवारा बारीक व कामाचा वेग अधिक, म्हणून एका दिवसात अधिक टाक्या. अशी सर्व कारणे एकत्र आली.

बंधुभगिनींनो, हे मी वर्तमानपत्रात वाचून सांगत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात मी सेवानिवृत्त झालो व नागपूरला मुलाकडे राहावयास आलो. कळंब तालुक्यातील आमचे वडिलार्जित आठ एकर वावर इतकी वर्षे बटईने दिलेले होते; ते मी त्याच वर्षी घरी कसावयाचे ठरविले. कामाला जो गडी ठेवला तो माझाच एक जुना विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्यासमोर बसलेला, अक्षर फार सुरेख. परंतु घरची एक एकरही जमीन नाही, म्हणून शाळा सुटली. सप्टेंबर महिन्यात त्याचा दूरध्वनी आला की पऱ्हाटीत अळी दिसते, फवारले पाहिजे. मी कृषी केंद्राच्या दुकानदाराला येथूनच विचारले; त्याने दोन औषधे सांगितली, मी पैसे पाठविले. ‘सांभाळून मार रे बाबा,’ एवढे मात्र मी म्हणालो. त्यावर तो हसून म्हणाला, ‘दवाईच त होय ना गुर्जी, जहर थोडीच हाये.’

तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्याच्या बायकोचा दूरध्वनी आला. त्याला ओकाऱ्या होत होत्या, तोंडातून लाळ गळत होती, घामाने अंथरूण भिजले होते, आणि समोरचे माणूस त्याला अंधुक दिसत होते. दुसरे दिवशी मी पोहोचलो तेव्हा तो रुग्णालयात होता, आणि बडबडत असल्यामुळे त्याचे हात खाटेला बांधलेले होते. परमेश्वरकृपेने अकरा दिवसांनी तो घरी परतला. परंतु पुढचे कित्येक महिने त्याच्या हातांत पूर्वीचे बळ नव्हते. तीन दिवस डोक्यावर पाणी वाहून आणून देणारी व त्याचे ते भिजलेले कपडे हातांनी धुणारी त्याची बायको डोकेदुखीने आठवडाभर निजून होती. तिची गणना कोणत्याच यादीत झाली नाही.

घरी परतल्यावर मी माझी हिशेबाची वही उघडली. आयुष्यभर मुलांना जमाखर्च शिकविलेला माणूस मी. माझी वही चोख असते. तीत बियाण्याचा रकाना होता, खताचा होता, मजुरीचा होता, औषधांचाही होता. हातमोज्यांचा रकाना नव्हता. संपूर्ण हंगामात मी एका रुपयाचे संरक्षक साहित्य घेतले नव्हते, आणि घ्यावे असे माझ्या मनातही आले नव्हते. दोष दुकानदाराचा असेल, कंपनीचा असेल, अळीचाही असेल. परंतु त्या वहीवर हस्ताक्षर माझे होते. जे माझे झाले ते आपले होऊ नये, एवढ्याचकरिता मी आज उभा आहे.

मग मी ह्या गोष्टीची माहिती करून घेऊ लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की फवारणीत विष मुख्यतः कातडीतून शरीरात शिरते. आपण समजतो की नाकावर दुपट्टा बांधला म्हणजे झाले. वस्तुतः तो दुपट्टा भिजला की विषाची पट्टीच तोंडावर बांधल्यासारखे होते. सर्वांत मोठा धोका तर फवारण्याआधीच असतो. डब्यातील विष पाण्याने पातळ झालेले नसते, आणि तेच मोजताना व ढवळताना उघड्या हातांना लागते. त्याच हाताने मग खर्रा घोटून तोंडात टाकला जातो. नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकण्याची रीतही आपल्याकडे आहे.

दुसरी गोष्ट, विष आत जाऊन काय करते. मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही ज्या वर्गातील विषे आहेत, तो सेंद्रिय फॉस्फरसयुक्त वर्ग जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात शोधला गेला, आणि त्याच संशोधनातून युद्धातील विषारी वायूही निघाले. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप नेणारे एक द्रव्य असते. काम झाल्यावर ते नाहीसे करणारे विकरही शरीरातच असते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ व अश्रू वाहू लागतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात, आणि शेवटी श्वास अडतो. ह्यावर ॲट्रोपीन हा उतारा आहे. परंतु तो वेळेवर मिळाला पाहिजे, आणि कोणते विष होते हे डॉक्टरला कळले पाहिजे. सर्वच विषांवर असा नेमका उतारा नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक जहाजातील धान्यात व साखरेत मिसळून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या अनर्थाच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, आणि १९७१ साली त्याखालील नियम आले. त्या नियमांत फवारणी करणाऱ्याच्या पोशाखाचे स्पष्ट वर्णन आहे. विष आत न झिरपणारा व धुता येणारा अंगरखा, डोक्याला टोपी, निम्म्या कोपरापर्यंत पोहोचणारे रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, आणि आवश्यक तेथे श्वसनाचे साधन. ह्या कामावर ठेवण्यापूर्वी माणसाची वैद्यकीय तपासणी करावी असेही त्यात आहे. हा नियम पन्नासहून अधिक वर्षांचा जुना आहे. मी अडतीस वर्षे खेड्यांत काढली. असा पोशाख केलेला एकही मनुष्य मी वावरात पाहिला नाही.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘गुरुजी, साहित्य दिले तरी ते लोक घालत नाहीत.’ हे उत्तर मीही पुष्कळदा दिलेले आहे. म्हणून पुढल्या वर्षी ऑक्टोबरात मी स्वतः तो पोशाख अंगावर चढविला. पाठीवर साध्या पाण्याने भरलेला पंप घेतला आणि सकाळी अकराच्या सुमारास वावरात उतरलो. एक तास तासावा असा माझा संकल्प होता. वीस मिनिटांत चष्म्यावर वाफ धरून दिसेनासे झाले, मुखवट्याने जीव गुदमरला, आणि अंगातून पाण्याचे लोट वाहू लागले. मी बांधावर येऊन बसलो. त्या दिवसापासून मजुराला हट्टी वा अडाणी म्हणण्याची माझी जीभ वळली नाही. तो पोशाख घालत नाही, कारण विदर्भाच्या उन्हात तो घालून टाक्यांच्या हिशेबाने मजुरी मिळविणे अशक्य आहे.

ही अडचण जगाने ओळखलेली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषि संघटनेने १९८५ साली कीटकनाशकांच्या बाबतीत एक आचारसंहिता स्वीकारली. तिच्यातील एका कलमाचा आशय असा आहे की, ज्या कीटकनाशकाला अस्वस्थ करणारी, महागडी वा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्याने व मजुराने वापरणे टाळावे. म्हणजे क्रम कसा आहे? प्रथम फवारणी कमी करा. मग विष सौम्य निवडा. मग कामाची वेळ व रीत सुधारा. आणि ह्या सर्वांनंतर उरलेल्या धोक्यासाठी हातमोजे व बूट. आपण मात्र पहिल्या तीन पायऱ्या सोडतो, आणि चौथीचे ओझे मजुराच्या पाठीवर ठेवून मोकळे होतो.

हे कसे करावे, ते थोडक्यात सांगतो. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे. गुलाबी बोंडअळीसाठी शास्त्रज्ञ कामगंध सापळे लावावयास सांगतात. सापळ्यात सलग तीन रात्री आठ आठ पतंग सापडू लागले म्हणजेच उपाय करावा, तत्पूर्वी नाही. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्यानंतरचे पुष्कळसे विष व्यर्थ जाते. हंगाम लांबवू नये व पऱ्हाटी वेळेत उपटावी, म्हणजे पुढील वर्षीची अळी कमी होते. फवारणे भागच पडले तर लाल व पिवळ्या त्रिकोणाचा डबा घेऊ नये, आणि शिफारस नसताना दोन विषे कालवू नयेत.

काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. वारा पाठीशी किंवा बाजूला असावा, आणि नुकत्याच फवारलेल्या ओळीतून चालू नये. विष काठीने ढवळावे, हाताने कदापि नव्हे. कालवताना तरी हातमोजे व चष्मा घातलाच पाहिजे. ते काम दहा मिनिटांचे असते, म्हणून तेथे उन्हाची सबब चालत नाही. पीक उंच असून नळी वर धरावी लागत असेल तर मोजे बाहीच्या वरून घालावेत, म्हणजे ओघळ आत जात नाही. विजारीचे पाय बुटांच्या बाहेर असावेत. बांधावर साबण व स्वच्छ पाण्याची बादली असावी, आणि काम संपताच तेथेच स्नान व्हावे.

माझ्या भगिनींना एक स्वतंत्र विनंती आहे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू देऊ नका, आणि ते धुणारीलाही हातमोजे द्या. रिकामा डबा घरात येऊ देऊ नका. तीन वेळा धुऊन, ते पाणी पंपातच ओतून, डब्याला भोके पाडा. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. त्या अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले होते. मी शिक्षक आहे. ती बातमी वाचल्यावर कित्येक दिवस मला आमच्या शाळेतील जेवणाची पंगत पाहवत नसे.

एखाद्याला मळमळ, चक्कर वा अंधुक दिसणे सुरू झाले तर टाकी पूर्ण करण्याची वाट पाहू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, स्वतःच्या मनाने ओकारी काढू नये, १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा, आणि डब्यावरील चिठ्ठी रुग्णाबरोबर पाठवावी.

आता मंडळाला माझी नम्र सूचना. आपले मंडळ गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देते, वधूवर मेळावे भरविते. त्याबरोबर ह्या वर्षापासून एक लहानसे काम हाती घ्यावे. ज्या सभासदाचे वावर दुसऱ्याच्या हाताने कसले जाते, त्याने पोळ्याच्या सणापूर्वी फवारणी करणाऱ्या प्रत्येक माणसासाठी हातमोजे, चष्मा, बूट व पूर्ण बाह्यांचा वेगळा सदरा आपल्या खर्चाने पोहोचवावा. फवारणीची मजुरी टाक्यांवर न ठरविता दिवसावर ठरवावी, आणि ऊन चढल्यावर थांबलेल्या माणसाची मजुरी कापू नये. ह्या दुसऱ्या अटीवाचून पहिलीचा काही उपयोग नाही. पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, त्याला पुरणपोळी चारतो. जो मनुष्य आपल्याकरिता पाठीवर विषाचे ओझे वाहतो, त्याची आठवण त्या दिवशी होणे उचितच आहे.

माझा तो विद्यार्थी आजही माझ्याच वावरात काम करतो. फवारणी आता आम्ही वर्षातून दोनतीन वेळाच करतो, तीही सापळे पाहून. आणि विष कालवण्याच्या वेळी मी नागपुराहून जाऊन बांधावर उभा असतो. गेल्या वर्षी त्याच्या मुलीने मला विचारले, ‘आजोबा, तुम्ही कायले येता?’ मी तिला म्हणालो, ‘हातमोजे मोजायला.’ वहीत आता तो रकाना आहे. आपल्याही वहीत तो व्हावा, एवढीच प्रार्थना आहे.